जाहिरात एजन्सीत इंटर्नशिप : नुसतं सर्टिफिकेट घेऊन गावी येऊ नका

निलंगा (तालुका प्रतिनिधी) : लातूर जिल्ह्यात पोरानं दहावीला बरे मार्क पाडले की घरात दोनच विषय निघतात, नीट नाहीतर जेईई. पण चांगली चित्रं काढणारी, मोबाईलवर व्हिडिओ कापून जोडणारी, गावातल्या प्रत्येक वाढदिवसाचं बॅनर जिच्याकडून होतं अशी लेकरं आपल्या प्रत्येक गावात एक-दोन तरी आहेत. त्यातली काही आता उपयोजित कला, मास मीडिया, ग्राफिक डिझाईन असे कोर्स करून पुण्या-मुंबईच्या जाहिरात एजन्सीत इंटर्नशिपला जायला लागली आहेत. नवीन शैक्षणिक धोरणामुळं बऱ्याच अभ्यासक्रमांत 'ओजेटी' म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभवही आला आहे. चार क्रेडिटचा असेल तर साधारण १२० तास भरावे लागतात.

माझा पुतण्या त्यातलाच. पहिल्यांदा गेला तेव्हा तीन महिने राहिला. पैसे काही मिळत नव्हते. कॉट बेसिसवर जागा, मेसचा डबा, पीएमपीचा पास असं सगळं धरून महिन्याला दोन क्विंटल सोयाबीनचे पैसे आमचे थोरले भाऊ पुण्याला पाठवायचे. परत आला तेव्हा हातात रंगीत सर्टिफिकेट. मी विचारलं, "काय काम केलास तिथं?" तर म्हणाला, "काका, पोस्ट करायलो होतो." म्हटलं, "दाव की एखादी." एकही दाखवता आली नाही. फायली ऑफिसच्या कॉम्प्युटरवर राहिलेल्या. कुणासाठी काय केलं ते धड आठवत नाही, तिथल्या कुणाचा नंबर नाही. वहिनी काही बोलल्या नाहीत. पण सहा क्विंटल सोयाबीन गेलं ते गेलंच.

वर्षभरानं तो दुसऱ्या एजन्सीत गेला. पोरगं तेच, शहर तेच, पण या खेपेला येताना बरंच काही घेऊन आला. दोन्ही वेळी नेमका फरक काय पडला, हे त्याच्याकडून आणि या धंद्यात काम करणाऱ्या आपल्या भागातल्या दोघा-तिघांकडून समजून घेतलं. ज्यांची लेकरं जाणार आहेत त्यांच्यासाठी ते इथं देत आहे.

एजन्सीत चालतं काय

आपल्याला वाटतं जाहिरात म्हणजे एक माणूस कॉम्प्युटरवर बसून चित्र करतो. तसं नसतं. कंपनीचा माणूस म्हणजे क्लायंट, त्याला काय पाहिजे ते क्लायंट सर्व्हिसिंगची मंडळी ऐकून कागदावर उतरवतात. त्या कागदाला ब्रीफ म्हणतात. माल काय आहे, कुणाला विकायचा, त्या माणसाला आज काय वाटतं, जाहिरात बघून काय वाटायला पाहिजे, खर्च किती, कधीपर्यंत द्यायचं, हे सगळं त्यात असतं. मग शब्द लिहिणारा कॉपीरायटर आणि चित्राची बाजू बघणारा आर्ट डायरेक्टर ही जोडी डोकं लावते. वरिष्ठ बघतात, क्लायंटला दाखवतात, तो दहा दुरुस्त्या सांगतो, आणि शेवटी स्टुडिओत छपाईची किंवा मोबाईलवर टाकायची फाईल तयार होते. जाहिरात कुठं आणि किती वेळा लावायची हे काम मीडियावाल्यांचं. मोठ्या ठिकाणी ते वेगळ्याच कंपनीकडं असतं.

दहा-पंधरा माणसांच्या एजन्सीत एकच माणूस यातली तीन कामं करतो. म्हणून माझं मत विचाराल तर पहिली इंटर्नशिप छोट्या जागी करावी. मोठ्या नावाचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण मोठ्या ऑफिसात तीन महिने एका कोपऱ्यात बसून साईज बदलण्यापेक्षा, जिथं शेजारच्या खुर्चीवर बसलेला अनुभवी माणूस रोज काम बघतो ती जागा बरी.

दुसरं म्हणजे ज्या विभागात घेतलं तिथंच जन्म काढायचा नसतो. पियूष पांडे हे नाव या धंद्यातलं फार मोठं. फेविकॉलच्या जाहिरातींमुळं सगळ्यांना माहीत झालेले. ते १९८२ मध्ये ओगिल्व्ही एजन्सीत लागले ते क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये, लिहायच्या विभागात नंतर गेले. त्यांची 'चल मेरी लुना' जुन्या माणसांना आठवत असेल. ती लुना आपल्या महाराष्ट्रातल्या कायनेटिक कंपनीची. माणूस जयपूरचा, आणि त्यांची ताकद काय होती तर लोक बोलतात तशी हिंदी. यावर पुढं येतोच.

जायच्या आधी

पोर्टफोलिओ म्हणजे कामाची फाईल. त्यात आठ-दहा कामं पुरतात. चाळीस फोटो लावलेलं शुभेच्छांचं बॅनर त्यात टाकू नये. (राग मानू नका, माझाही फोटो त्या चाळिसात असतो.) त्यापेक्षा गावातल्या दूध संकलन केंद्राचा बोर्ड, कृषी सेवा केंद्राचं पत्रक, बचत गटाच्या पापडाचं पाकीट असं खरं काम करावं. पुतण्यानं दुसऱ्या खेपेला जायच्या आधी एका रसवंतीचा बोर्ड आणि दरपत्रक करून दिलं. पैसे नाही घेतले, रस पिला. प्रत्येक कामाखाली दोन-तीन ओळी लिहाव्यात : कुणासाठी केलं, अडचण काय होती, मी काय ठरवलं. निवड करणारा माणूस चित्र बघतोच, पण त्या ओळी जास्त बघतो असं मला सांगण्यात आलं.

बोलावणं आलं की लाजू नका, विचारा. किती महिने, रोज किती वाजेपर्यंत, विद्यावेतन आहे का, कुणाच्या हाताखाली, केलेलं काम नंतर दाखवता येईल का, पत्रात कामाचा उल्लेख करणार का. आणि उत्तर ई-मेलवर मागा. तोंडी ठरलेलं तिसऱ्या महिन्यात कुणाला आठवत नाही. जो उलट तुमच्याकडूनच पैसे मागतो, ट्रेनिंग फी म्हणा, डिपॉझिट म्हणा, त्याच्या दारातून मागं फिरा.

पैशाचा विषय निघाला म्हणून सांगतो. राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली. त्यात महिन्याला बारावी पास असेल तर ६,०००, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. शिक्षण चालू असलेल्यांना ती लागू नाही. आणि आस्थापनेचीही नोंदणी लागते, छोट्या एजन्सीची असेलच असं नाही. नवीन अर्ज घेणं चालू आहे का, हे महास्वयं पोर्टलवर किंवा लातूरच्या कौशल्य विकास कार्यालयात विचारूनच बॅग भरा.

पहिले पंधरा दिवस

कंटाळवाणं काम मिळणार. एक जाहिरात मंजूर झालेली असते, ती पेपरच्या आकारात, होर्डिंगच्या आकारात, मोबाईलच्या उभ्या आकारात, दुकानाच्या पट्टीच्या आकारात बसवायची. याला अॅडॉप्टेशन म्हणतात. पुतण्या पहिल्या खेपेला यालाच वैतागला होता. दुसऱ्या खेपेला त्याच्या वरच्या मॅडमनी त्याला एकच गोष्ट सांगितली : जागा कमी झाली की आधी काय काढलंस ते लिहून ठेव. चौकोनी जाहिरातीत सात गोष्टी आहेत, पट्टीत तीनच मावतात, मग कुठल्या तीन? एवढा विचार करून तेच काम केलं की जाहिरातीत जीव कशात असतो ते कळतं. शिवाय फ्लेक्सची फाईल वेगळी, पेपरची वेगळी, मोबाईलची वेगळी. छपाईचे रंग चार शाईंचे, स्क्रीनचे तीन प्रकाशांचे. स्क्रीनवर झगझगीत दिसणारा हिरवा कागदावर मेलेला येतो. हे पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही, एकदा प्रूफ हातात आलं की शिरतं.

ब्रीफ बघायला मागा. ही यातली सगळ्यात कामाची गोष्ट. पहिल्या तीन महिन्यांत त्यानं एकही ब्रीफ बघितलं नव्हतं. 'ही साईज कर' म्हटलं की करायचा. दुसऱ्या जागी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मॅडम, हे कुणाला दाखवायचंय?" त्या एका प्रश्नावर त्याला ब्रीफचा कागद मिळाला आणि पुढच्या मीटिंगला मागच्या खुर्चीवर बसायला मिळालं.

आणि वही. रोज रात्री चार ओळी. काम काय सांगितलं, मी काय केलं, दुरुस्ती काय आली आणि का आली. 'का' लिहिलंच पाहिजे. क्लायंटनं लोगो मोठा करायला सांगितला हे सगळेच सांगतात. दुकानाच्या शटरवर लावायचं होतं आणि रस्त्याच्या पलीकडून दिसत नव्हतं म्हणून सांगितला, हे ज्याला माहीत तो पुढच्या वेळी आधीच मोठा करतो. त्याची ती दोनशे पानी वही मी चाळली आहे. शेवटच्या पानांवर अक्षर बिघडलंय, पण ओळी जास्त आहेत.

आपली भाषा, आपलं रान

शहरातल्या इंग्रजी बोलणाऱ्या पोरांत आपलं लेकरू बुजतं. पुतण्याही बुजला होता. पण एके दिवशी बियाण्याच्या एका पत्रकाचं मराठी त्याच्याकडं तपासायला आलं. मूळ हिंदी, त्यावरून केलेलं मराठी. त्यात 'फसल', 'पैदावार', 'बीज' असले शब्द तसेच. आपण पीक म्हणतो, उतारा म्हणतो, बियाणं म्हणतो. 'प्रति एकर पैदावार' असं कोण बोलतं? एकरी उतारा किती पडला, असं विचारतो ना आपण. फोटोत पगडी घातलेला शेतकरी आणि मागं गव्हाचं पिवळं रान. पत्रक सोयाबीनचं.

यानं मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोंब मारली नाही, हे बरं केलं. मॅडमना बाजूला गाठून सांगितलं, आणि नुसतं चूक आहे असं न सांगता शेजारी दुसरं वाक्य लिहून दिलं. फोटोसाठी आमच्या शेतातलं फुलोऱ्यातलं सोयाबीन मोबाईलवर मागवलं. तो फोटो काही छापला नाही, तेवढा स्पष्ट नव्हता, पण कसा पाहिजे ते त्यांना कळलं. त्यानंतर शेतीचं काहीही आलं की पहिलं त्याच्याकडं यायला लागलं.

यात एक धोका आहे. आपण गावाकडचे म्हणून आपल्याला सगळं माहीत, असं होतं मग. आपल्याकडं सोयाबीनची 'रास' करतात, पश्चिम महाराष्ट्रात 'मळणी' म्हणतात. विदर्भात कपाशीला 'पऱ्हाटी' म्हणतात. पत्रक कुठल्या जिल्ह्यात वाटणार हे विचारून तिथल्या दोन-तीन शेतकऱ्यांना फोन लावावा आणि मगच शब्द पक्का करावा. तो फोन लावणं हेही इंटर्नचंच काम, कारण ऑफिसात बाकी कुणाकडं ते नंबर नसतात. 'एक नंबर', 'हमखास दुप्पट' असले शब्द तर पुराव्याशिवाय लिहूच नयेत. १९८५ पासून जाहिरातींवर लक्ष ठेवणारी अॅस्की नावाची संस्था आहे, तिच्याकडं तक्रार झाली तर उत्तर क्लायंटला आणि एजन्सीला द्यावं लागतं.

गावाची माहिती म्हणजे नुसते शब्द नाहीत. हिंदुस्थान युनिलिव्हरनं बिहार-झारखंडमध्ये 'कान खजुरा तेसन' नावाचं मोबाईलवरचं रेडिओ केंद्र चालवलं होतं. ज्या भागात लाईट नाही, टीव्ही नाही, तिथं लोकांनी एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, मग उलट फोन येणार आणि फुकटात गाणी, विनोद ऐकायला मिळणार, मध्ये साबणाच्या जाहिराती. त्याला २०१४ मध्ये फ्रान्समधल्या कान इथं जगातली मोठी बक्षिसं मिळाली. यातली युक्ती काय, तर गावात पैसे वाचवायला माणूस मिस्ड कॉल देतो ही सवय. अशा सवयी आपल्या लेकरांना किती माहीत असतात! आठवडी बाजारात बाया किती वाजता येतात आणि गडी किती वाजता, एसटी स्टँडवर कुठल्या भिंतीकडं तोंड करून लोक बसतात, खताच्या दुकानात उधारीची वही कुठं असते. हे वहीत लिहून न्या.

मराठी अक्षरांचं तांत्रिक ज्ञानही सोबत असावं. फोटोशॉप, इलस्ट्रेटरमध्ये मराठी टाकलं की कधी कधी पहिली वेलांटी भलतीकडं जाते, जोडाक्षर फुटतं. बहुतेक वेळा भारतीय लिप्यांची सेटिंग चालू केलेली नसते, 'वर्ल्ड-रेडी' असं तिचं नाव, ती चालू करून नवी फाईल उघडली की अक्षर ताळ्यावर येतं. गावातल्या फ्लेक्सवाल्याकडच्या जुन्या श्रीलिपीच्या फायली युनिकोडमध्ये आणताना 'ऱ्या', 'क्ष', 'द्ध' हमखास बिघडतात, तिथं डोळ्यात तेल घालून वाचावं. मंगल हा फॉन्ट विंडोजमुळं घरोघरी पोचला, तो र. कृ. जोशी या मराठी माणसानं घडवला, आणि ते जाहिरात एजन्सीत काम केलेले होते. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींची अक्षरं वर्षानुवर्षं हातानं काढली. त्यांची कामं बघून ठेवा. मुलाखतीत मराठी अक्षरावर दोन मिनिटं बोलता येणारा उमेदवार लक्षात राहतो.

एआयबद्दल आता सगळेच विचारतात. ते वापरतात, तुम्हीही शिका. पण त्यातून आलेलं मराठी जसंच्या तसं देऊ नका, आणि क्लायंटची बाजारात न आलेली माहिती त्यात टाकू नका.

काम कुणाचं

इथंच पुतण्या पहिल्यांदा फसला. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणं, नोकरीत किंवा शिकाऊ उमेदवारीच्या करारात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळं काही ठरलं नसेल तर, मालक आस्थापना असते. म्हणजे चित्र तुम्ही काढलं तरी ते एजन्सीचं. पेनड्राईव्हमध्ये गुपचूप भरून आणणं हा त्यावरचा उपाय नव्हे. विचारायचं. जी जाहिरात छापून आली, सगळ्यांनी बघितली, ती पोर्टफोलिओत ठेवायला परवानगी सहसा मिळते, ती ई-मेलवर घ्यावी. न छापलेली, क्लायंटनं नाकारलेली कामं परवानगीशिवाय दाखवू नयेत. आणि त्यात आपला वाटा किती तो खरा लिहावा. कल्पना दुसऱ्याची, मांडणी माझी, असं लिहिलं तर कमीपणा येत नाही. खोटं लिहिलं तर हा धंदा लहान आहे, एका फोनवर कळतं.

मुलींच्या आई-बापांना काळजी असते, ती बरोबर आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा इंटर्नलाही लागू आहे, पगार मिळत असो वा नसो. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं तक्रार समिती पाहिजेच. त्यापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत. रात्री उशिरापर्यंत थांबावं लागलं तर घरी पोचवायची सोय काय, हेही आधीच विचारा.

निघायच्या आधी

शेवटच्या दिवशी केक कापतात, त्या गडबडीत काही मागता येत नाही. तीन आठवडे आधीच सुरुवात करावी. सर्टिफिकेटवर 'समाधानकारक काम केले' एवढंच नको, कुठली कामं केली ते पत्रात यावं. मसुदा आपणच लिहून द्यावा म्हणजे सहीला वेळ लागत नाही. दोन वरिष्ठांना आपली फाईल दाखवून विचारावं की यातलं काय काढू. काय छान आहे ते विचारू नका, ते सगळे सांगतात. पुतण्याला एकांनी दहापैकी सहा कामं काढायला लावली. रसवंतीचा बोर्ड मात्र ठेवायला सांगितला.

त्याच एजन्सीनं त्याला नंतर नोकरी दिली असं नाही, जागा नव्हती. पण शेतीच्या पत्रकांचं मराठी तपासायला आता त्याच्याकडं पाठवतात, पानावर पैसे ठरलेत, आणि तो हे काम निलंग्यात घरी बसून करतो. पुण्याला पुन्हा जायचं त्याच्या डोक्यात आहे.

अर्ज कधी करायचा, असंही दोघांनी विचारलं होतं. मे महिन्यात सगळ्या कॉलेजची पोरं एकदम अर्ज करतात, तेव्हा तुमचा ई-मेल खाली जातो. खरिपाच्या बियाण्याची, खताची, फवारणी पंपाची पत्रकं मृगाच्या बऱ्याच आधी तयार होतात, म्हणून शेतीचे क्लायंट असलेल्या एजन्सीला जानेवारी-फेब्रुवारीतच लिहावं. दिवाळीच्या आधीचे दोन महिनेही कामाचा रेटा असतो, तेव्हा त्यांनाच माणसं कमी पडतात. ई-मेल दहा ओळींच्या आत, सोबत तीन कामं, आणि पहिल्याच ओळीत सांगा की मी लातूर जिल्ह्यातल्या अमुक गावचा किंवा गावची.